आयापेटस, शनीचा दुरंगी चंद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आमच्या गच्चीवर दुर्बिणीतून शनीची कडी पाहायला येणारी मंडळी, कडी पाहून झाली की जिना उतरण्यापूर्वी हमखास काहीतरी विचारतात, आणि त्यातले बरेचसे प्रश्न शेवटी आयापेटस या एकाच चंद्रापाशी येऊन थांबतात. याला जबाबदार अर्थात मीच आहे, कारण विषय मीच काढतो. तीच उत्तरे दर वेळी अंधारात उभ्या-उभ्या देण्यापेक्षा ती एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान तयार केले.

आयापेटस म्हणजे नेमके काय?

शनीच्या चंद्रांमध्ये टायटन आणि रिया यांच्या खालोखाल आकाराने तिसरा असलेला हा चंद्र आहे. त्याचा व्यास सुमारे १,४७० किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या चंद्राच्या व्यासाच्या निम्म्यालाही तो पोहोचत नाही. सोलापूरहून चंदीगडपर्यंत नकाशावर सरळ रेष ओढली, तर तिची लांबी जवळपास एवढीच भरते. त्याची घनता पाण्यापेक्षा जेमतेम जास्त, घन सेंटिमीटरला १.०९ ग्रॅम इतकी आहे, आणि एवढ्या कमी घनतेचा अर्थ असा की हा बहुतांशी पाण्याच्या बर्फाचा गोळा असून त्यात खडकाचा वाटा साधारण पाचव्या भागाएवढाच आहे. शनीपासून तो सुमारे ३५ लाख ६० हजार किलोमीटरवर, म्हणजे आपल्यापासून चंद्र आहे त्याच्या नऊपटींहून दूर आहे. शनीभोवतीच्या एका फेरीला त्याला ७९ दिवस लागतात. आपल्या चंद्राप्रमाणेच त्याचीही एकच बाजू कायम ग्रहाकडे असते, त्यामुळे त्याचा एक दिवसही ७९ दिवसांचाच होतो. हा आकडा कृपया लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्याला विचित्र का म्हणतात?

त्याचा एक अर्धगोल डांबरासारखा काळा, तर दुसरा हिमासारखा पांढरा आहे. त्याच्या विषुववृत्तावर एक अरुंद आणि प्रचंड उंच डोंगररांग जवळजवळ सरळ रेषेत उभी आहे. आणि त्याचा एकूण आकार, तो आज फिरतो त्याच्या शंभरपट वेगाने फिरत असावा असा चपटा आहे. यातली एखादी गोष्ट इतर चंद्रांवरही थोड्याफार प्रमाणात सापडेल, पण तिन्ही एकाच ठिकाणी कुठेही नाहीत.

त्याचा शोध कोणी लावला, आणि तो अर्धा वेळ 'नाहीसा' होत असे ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि माझ्या मते शोधापेक्षा तीच गोष्ट अधिक सांगण्यासारखी आहे. जोव्हान्नी दोमेनिको कासिनी या मूळच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञांनी ऑक्टोबर १६७१ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेतून हा चंद्र पाहिला, तेव्हा तो शनीच्या पश्चिमेला होता. पुढे तो शनीला वळसा घालून पूर्वेकडे यायला हवा होता, पण तिकडे तो त्यांना सापडेना. काही आठवड्यांनी पश्चिमेला मात्र पुन्हा हजर. असे एकदा नव्हे, वारंवार होत राहिले. दुसरा एखादा निरीक्षक हवेला किंवा भिंगाला दोष देऊन मोकळा झाला असता. कासिनी यांनी मात्र न दिसण्यातला नियमितपणा हेरला आणि त्यावरून दोन अनुमाने काढली : एक, या चंद्राची एक बाजू दुसरीपेक्षा पुष्कळ काळी असली पाहिजे, आणि दोन, तो शनीकडे कायम एकच तोंड करून फिरत असला पाहिजे, कारण तसे नसते तर काळी बाजू दर वेळी पूर्वेलाच आपल्यासमोर आली नसती.

दोन्ही अनुमाने बरोबर ठरली. अधिक चांगल्या दुर्बिणीतून त्यांनी स्वतः १७०५ मध्ये त्याला पूर्वेला पाहिले, म्हणजे मधे तब्बल ३४ वर्षे गेली होती. आजच्या मोजमापानुसार पश्चिमेला त्याची दृश्यप्रत सुमारे १०.२ असते आणि पूर्वेला ती ११.९ पर्यंत उतरते; प्रतीचा आकडा वाढला की तेज कमी होते हे ध्यानात घेतले, तर पूर्वेकडचा आयापेटस पश्चिमेकडच्या आयापेटसच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकाच उजळ असतो. त्याच्या काळ्या प्रदेशाला आज 'कासिनी रेजिओ' असे नाव आहे.

एक बाजू काळी कशामुळे झाली?

याचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी पहिलाच टप्पा सांगून विषय संपवला जातो.

पहिला टप्पा धुळीचा. शनीपासून सुमारे एक कोटी तीस लाख किलोमीटरवर फीबी नावाचा एक छोटा, काळपट चंद्र आहे आणि तो बाकीच्या मोठ्या चंद्रांच्या उलट दिशेने फिरतो. त्याच्यावर बारीकसारीक आघात होऊन जी धूळ उडते, तिचे एक अवाढव्य आणि अतिशय विरळ कडे शनीभोवती पसरलेले आहे. साध्या प्रकाशात ते जवळजवळ दिसतच नाही, म्हणून स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीला ते २००९ मध्ये सापडेपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडले नव्हते. ही धूळ हळूहळू आत सरकते आणि उलट दिशेने येत असल्यामुळे समोरून येणाऱ्या आयापेटसच्या पुढच्या तोंडावर आदळते. पावसात दुचाकी चालवणाऱ्याची छाती भिजते आणि पाठ बरीचशी कोरडी राहते, तसाच हा प्रकार आहे. आयापेटसच्या कक्षेच्या आतल्या बाजूने फिरणारा हायपेरियन नावाचा एक वेडावाकडा चंद्र आहे. तो कसाही कोलांट्या खात फिरत असल्यामुळे त्याला पुढची-मागची अशी ठरलेली बाजूच नाही, आणि म्हणून तिथे असे दोन रंग पडले नाहीत.

पण केवळ धुळीने हा प्रश्न सुटत नाही. धूळ बसून जो रंग येईल, तो कडेला हळूहळू फिका होत जायला हवा. प्रत्यक्षात काळ्या-पांढऱ्याची सीमा चिरफाळलेली आहे, जवळून पाहिले तर एकेका विवराचा एक उतार कोळशासारखा आणि त्याच्या समोरचा उतार शुभ्र असतो, आणि मधे करड्या छटा फारशा नाहीतच. इथे दुसरा टप्पा येतो, तो उष्णतेचा. तो समजावताना मी पाहुण्यांना आमची गच्चीच दाखवतो. गळतीमुळे तिच्या अर्ध्या भागावर डांबरी थर दिला आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागाला उन्हाळ्यापूर्वी चुना मारतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पारा ४३ च्या पुढे असताना चुन्याच्या भागावर अनवाणी चालता येते, डांबराच्या भागावर मात्र दोन पावलांत उडी मारावी लागते. ऊन तेच आणि स्लॅबही तोच, फरक फक्त रंगाचा. आयापेटसवर दिवस ७९ दिवसांचा, म्हणजे सुमारे चाळीस दिवस सलग ऊन असल्यामुळे हा फरक साचायला भरपूर वेळ मिळतो. काळा भाग उणे १४४ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि पांढरा उणे १६० च्या आसपास राहतो. हे सोळा अंश सोलापूरकराला हास्यास्पद वाटतील, पण त्या तापमानाला बर्फाचे संप्लवन, म्हणजे पाणी न होता थेट वाफ होणे, अंशाअंशाने झपाट्याने वाढते. काळ्या भागातले बर्फ उडून जाते, मागे काळा गाळ उरतो, त्यामुळे तो भाग आणखी काळा होतो आणि आणखी तापतो; उडालेली वाफ पांढऱ्या भागावर आणि ध्रुवांवर जाऊन गोठते आणि त्यांना आणखी पांढरे करते. जॉन स्पेन्सर आणि टिलमन डेंक यांनी २०१० मध्ये मांडलेल्या गणितानुसार शंभर कोटी वर्षांत काळ्या भागावरून सुमारे २० मीटर जाडीचे बर्फ उडून जाऊ शकते, तर पांढऱ्या भागावरून तेवढ्याच काळात जेमतेम १० सेंटिमीटर. फीबीच्या धुळीने म्हणजे फक्त विरजण लावले. दही त्या लांबलचक दिवसाने लागले.

मग तो चंद्र अर्धा आतूनही काळा आहे का?

नाही. आपल्याकडच्या चादरीत रंग विणीतच असतो, ती उलटली तर नक्षी तीच आणि रंग उलटे दिसतात. आयापेटसचे तसे नाही. रडारच्या मोजमापावरून काळा थर फार तर हातभर जाडीचा असावा असे दिसते, आणि काळ्या प्रदेशात जिथे एखादा लहानसा दगड अलीकडे आदळला आहे, तिथे खालचे पांढरे बर्फ ठिपक्यासारखे उघडे पडलेले, शनीकडे गेलेल्या कासिनी नावाच्या यानाच्या छायाचित्रांत दिसते.

विषुववृत्तावरची डोंगररांग कशी आहे?

शेतात सरी पाडताना मधे जो वरंबा उभा राहतो, तो डोळ्यांसमोर आणावा आणि एका संपूर्ण चंद्राच्या कमरेवर तो ओढला आहे अशी कल्पना करावी. डिसेंबर २००४ च्या अखेरीस कासिनी यानाच्या छायाचित्रांत ही रांग प्रथम स्पष्ट दिसली. तिची लांबी सुमारे १,३०० किलोमीटर, म्हणजे सोलापूर ते दिल्ली या हवाई अंतराहून थोडी जास्त आहे; रुंदी सुमारे २० किलोमीटर आणि उंची साधारण १३ किलोमीटर, म्हणजे कळसूबाईसारखी आठ शिखरे एकावर एक ठेवावीत एवढी. काही ठिकाणी ती याहूनही उंच आहे. काळ्या प्रदेशात ती बहुतांश सलग आहे, आणि पांढऱ्या बाजूला तीच रेष सुट्यासुट्या शिखरांच्या रूपाने पुढे चालू राहते.

ती कशी तयार झाली?

यावर एकमत नाही. एक मत असे की चंद्र आकुंचन पावताना किंवा त्याच्या फिरण्याची गती मंदावताना आतूनच कवच फुगून वर आले. दुसरे मत असे की आयापेटसभोवती एकेकाळी त्याचे स्वतःचे कडे होते आणि ते हळूहळू खाली येत विषुववृत्तावर कोसळले. तिसरे मत दुसऱ्याचाच विस्तार आहे : एखाद्या मोठ्या आघातातून आयापेटसला स्वतःचा छोटा उपग्रह मिळाला, तो पुढे ओढला जाऊन जवळ आला, फुटला, त्याच्या तुकड्यांचे कडे झाले आणि तेच कडे खाली बसले.

मला स्वतःला बाहेरून माल पडल्याची कल्पना जास्त पटते. आतून कवच फुगले असते तर ते एवढ्या काटेकोरपणे विषुववृत्तावरच, एवढ्या अरुंद पट्ट्यात का फुगले, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. कडे मात्र विषुववृत्ताच्याच प्रतलात असते, त्यामुळे ते पडेल तेव्हा तिथेच पडेल. शनीच्या कड्यांजवळ फिरणाऱ्या पॅन आणि ॲटलास या अगदी छोट्या चंद्रांच्या कमरेलाही असाच वरंबा आहे आणि तो कड्यांतला माल साचून झालेला आहे असे मानले जाते. ते चंद्र मात्र जेमतेम तीस किलोमीटरचे आहेत, तेव्हा तो दाखला इथे किती ताणावा यालाही मर्यादा आहे. एवढे नक्की की रांगेवर आघाताची असंख्य विवरे आहेत, म्हणजे ती फार जुनी आहे.

आकार चपटा आहे म्हणजे काय?

विषुववृत्ताशी त्याची त्रिज्या सुमारे ७४६ किलोमीटर, तर ध्रुवांशी सुमारे ७१२ किलोमीटर आहे. ७९ दिवसांत एकदा फिरणारा चंद्र जवळजवळ पूर्ण गोल असायला हवा. एवढा चपटेपणा यायला तो साधारण १६ तासांत एकदा फिरत असला पाहिजे. याचा अर्थ असा लावला जातो की बालपणी तो खरोखरच तसा फिरत होता, त्या वेळी आतून पुरेसा उबदार आणि मऊ होता, आणि शनीच्या ओढीने त्याची गती मंदावण्याआधीच त्याचे कवच गोठून टणक झाले. ही ऊब बहुधा ॲल्युमिनियम-२६ सारख्या अल्पायुषी किरणोत्सारी द्रव्यांनी पुरवली. ॲल्युमिनियम-२६ चा अर्धायुकाल (त्यातले निम्मे द्रव्य संपायला लागणारा काळ) सुमारे सात लाख वर्षे, म्हणजे सौरमालेच्या हिशेबात क्षणभर असल्यामुळे आयापेटस सौरमालेच्या अगदी सुरुवातीच्या काही दशलक्ष वर्षांत घडला असला पाहिजे, असेही त्यातून निघते.

तिथे दरडी कोसळतात असे ऐकले, ते खरे का?

खरे आहे. केल्सी सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कासिनी यानाच्या छायाचित्रांतून बर्फाच्या तीस मोठ्या दरडींच्या खुणा नोंदवल्या. काही विवरांच्या भिंतींवरून, तर काही त्या डोंगररांगेवरूनच कोसळलेल्या आहेत. त्यातली सर्वांत लांब दरड सुमारे ८० किलोमीटर घसरत गेली आहे, म्हणजे ती इथे सुटली असती तर पंढरपूरच्या पुढे जाऊन थांबली असती. एवढ्या गारठ्यात बर्फ खडकासारखे कडक असते, तरीही ते इतके दूर कसे घसरले? घसरताना कणांच्या टोकांशी क्षणभर उष्णता निर्माण होऊन घर्षण एकदम कमी होत असावे, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

तिथे पाणी किंवा जीवसृष्टी आहे का?

गोठलेले पाणी भरपूर आहे. द्रवरूप पाण्याचा पुरावा नाही. एन्सेलाडस या शनीच्याच दुसऱ्या चंद्रातून पाण्याच्या वाफेचे फवारे उडतात, आणि त्याविषयीच्या बातम्या वाचून हा प्रश्न विचारला जातो. आयापेटसवर तसे काहीही दिसलेले नाही.

साडेसातीशी या चंद्राचा काही संबंध आहे का?

नाही. शनीला सूर्याभोवती एका फेरीला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, ती बारा राशींत वाटली की एका राशीला अडीच वर्षे येतात आणि तीन राशींची मिळून साडेसात होतात. ही मोजणी एवढ्यावरच उभी आहे आणि तिच्यात शनीच्या चंद्रांना जागाच नाही.

आयापेटसवरून शनी कसा दिसत असेल?

माझ्या मते शनीच्या सर्व मोठ्या चंद्रांत इथलाच देखावा सर्वांत सुंदर असेल. बाकीचे मोठे चंद्र कड्यांच्याच प्रतलात फिरतात, त्यामुळे त्यांच्यावरून जगप्रसिद्ध कडी म्हणजे फक्त एक बारीक रेघ. आयापेटसची कक्षा मात्र शनीच्या विषुववृत्ताशी सुमारे पंधरा अंशांनी कललेली असल्यामुळे तिथून कडी फेरीगणिक एकदा वरून आणि एकदा खालून उघडलेली दिसतील. शनीचे बिंब आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चौपट आणि कड्यांसकट साडेचार अंश पसरलेले असेल, आणि ते उगवणार-मावळणार नाही. आकाशात जवळजवळ एकाच जागी राहून फक्त कला बदलेल. पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्याला मात्र ते कधीच दिसणार नाही.

कक्षा अशी कललेली असल्यामुळेच आयापेटस क्वचितच शनीच्या किंवा कड्यांच्या सावलीत शिरतो. नोव्हेंबर १८८९ मध्ये एडवर्ड बर्नार्ड यांनी अमेरिकेतील लिक वेधशाळेतून त्याला कड्यांच्या सावलीतून जाताना पाहिले. आतल्या अंधुक कड्याच्या सावलीत तो एकदम न विझता हळूहळू मंद होत गेला, आणि त्यावरून ते कडे अर्धपारदर्शक असल्याचे स्पष्ट झाले.

त्याचे नाव आणि तिथल्या ठिकाणांची नावे कुठून आली?

शनीच्या चंद्रांना ग्रीक पुराणांतील टायटन म्हणवणाऱ्या आदिदेवांची नावे द्यावीत असे जॉन हर्शेल यांनी १८४७ मध्ये सुचवले, आणि आयापेटस हा क्रोनसचा, म्हणजे रोमन लोकांच्या सॅटर्नचा, भाऊ. पृष्ठभागावरील बहुतेक नावे एका मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्यातून घेतलेली आहेत. तुर्जिस हे तिथले सुमारे ५८० किलोमीटर व्यासाचे विवर त्यांपैकीच एक.

तिथे कोणती याने गेली आहेत?

व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २ अनुक्रमे १९८० आणि १९८१ मध्ये दुरून गेली. खरे काम केले ते कासिनी यानाने, ज्याला या चंद्राच्याच शोधकर्त्याचे नाव दिलेले होते. १० सप्टेंबर २००७ रोजी ते आयापेटसच्या सुमारे १,६४० किलोमीटर जवळून गेले, आणि छायाचित्रे पृथ्वीकडे पाठवणे चालू असतानाच एका वैश्विक किरणाच्या धक्क्याने यानाने स्वतःला सुरक्षित अवस्थेत टाकून काम थांबवले. माहिती यानातच साठवलेली असल्यामुळे ती थोड्या उशिराने सुखरूप मिळाली.

सोलापुरातून तो दिसेल का?

दिसेल, पण डोळ्यांनी किंवा साध्या द्विनेत्रीतून नाही. पश्चिमेला असताना चार इंची दुर्बीणही पुरते. पूर्वेला असताना शहरातल्या उजेडात आठ इंचीखाली प्रयत्न करू नये. येती काही वर्षे शनीची प्रतियुती (आकाशात तो सूर्याच्या बरोबर समोर असण्याची स्थिती) ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येत आहे, म्हणजे परतीचा पाऊस ओसरून हवा धुतलेली असते तेव्हा, आणि शनी आपल्याकडे मध्यरात्री बराच उंच चढतो. शहराबाहेर जाणे शक्य असल्यास नान्नजच्या बाजूचा माळ चांगला. अभयारण्याच्या हद्दीत मात्र शिरू नये.

शोधताना होणारी नेहमीची चूक म्हणजे त्याला शनीच्या अगदी जवळ पाहणे. कक्षेच्या टोकाला असताना तो शनीपासून कड्यांच्या रुंदीच्या बारा-तेरा पट दूर असतो, त्यामुळे मागच्या एखाद्या ताऱ्याशी त्याची सहज गल्लत होते. म्हणून मोबाइलवरच्या आकाशदर्शक ॲपमधून त्या रात्रीची जागा आधी पाहावी, आसपासचे ठिपके कागदावर काढून घ्यावेत आणि दोन-तीन रात्रींनी पुन्हा पाहावे. जागा बदललेला ठिपका तो आयापेटस. मग साधारण चाळीस दिवसांनी, तो पूर्वेच्या टोकाला गेला की, त्याच दुर्बिणीतून आणि त्याच भिंगाने पुन्हा शोधावा. आमच्या चार इंची दुर्बिणीतून तो तेव्हा आजवर एकदाही सापडलेला नाही, आणि वहीत त्या तारखांपुढे तसे लिहिलेले आहे : आकाश स्वच्छ, जागा बरोबर, दिसला नाही.